तांक्रेदो नेव्हेस यांना गोळी लागली नव्हती

ब्राझीलचे नियोजित अध्यक्ष तांक्रेदो नेव्हेस यांना शपथविधीआधी गोळी घातली आणि आजारपण हा निव्वळ देखावा होता, ही वावडी १९८५ पासून उडते आहे. तिला काडीचाही आधार नाही.

लष्करी राजवटीनंतरचे हे पहिले मुलकी अध्यक्ष १५ मार्चला शपथ घेणार होते. आदल्याच रात्री पोटदुखीमुळे त्यांना ब्राझिलियात रुग्णालयात दाखल करावं लागलं. सात शस्त्रक्रिया झाल्या, २१ एप्रिलला साओ पावलोत ते गेले. त्यांच्यासोबत उपाध्यक्ष म्हणून निवडले गेलेले जोझे सार्नी अध्यक्ष झाले.

अफवेला खतपाणी घातलं ते खरं तर डॉक्टरांनीच. जाहीर केलं आतड्याच्या दाहाचं निदान. निघाली होती संसर्ग झालेली, साधी गाठ. ‘गाठ’ म्हटलं की लोक कर्करोगच धरतील, म्हणून लपवली! २५ मार्चला तर गाऊनमधल्या हसऱ्या तांक्रेदोंचा डॉक्टरांसोबत फोटो काढला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना साओ पावलोला हलवावं लागलं. मग लोकांनी विश्वास ठेवायचा तरी कशावर?

घराण्याचं राजकारण मात्र चालूच राहिलं. आजोबांचे खासगी सचिव राहिलेले नातू आएसियो नेव्हेस पुढे मिनास जेराइसचे गव्हर्नर झाले आणि २०१४ ची अध्यक्षीय निवडणूक डिल्मा रुसेफ यांच्याकडून थोडक्यात हरले.