अनान्सेच्या गोष्टी पुस्तकात येताना काय गळालं

‘आता सांगतोय ते खरं आहे असं आमचं म्हणणं नाही, खरंच नाही.’ घानातल्या अशांती लोकांत गोष्टीची सुरुवात अशी व्हायची. शेवटी सांगणारा म्हणायचा, गोष्ट गोड लागली असो वा नसो, थोडी दुसरीकडे न्या, थोडी माझ्याकडे परत येऊ द्या. मुलांच्या पुस्तकांत ही वाक्यं क्वचितच दिसतात, आणि मला त्यांची फार चुटपुट लागते.

‘आफ्रिकन लोककथा’ हे नाव तसं मोघम आहे. अनान्से हा अकान लोकांचा, म्हणजे अशांती, फान्ती वगैरेंचा, गोष्टींतला आठ पायांचा, जाळं विणणारा कोळी. गोष्टीत कोळी असो वा नसो, अशांती तिला ‘अनान्सेसेम’च म्हणतात, कोळ्याची गोष्ट. या गोष्टी अंधार पडल्यावर सांगायच्या आणि ऐकायला मोठी माणसंही बसायची. एरवी ज्याच्याविषयी ब्र काढता येत नसे त्या मुखियाची, अगदी आकाशदेवाचीही, गोष्टीत थट्टा चाले. सुरुवातीचं ते वाक्य म्हणूनच लागे.

रॉबर्ट रॅट्रे या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1930 साली या कथांचा मोठा संग्रह काढला. एका बाजूला मूळ भाषा, समोर इंग्रजी, आणि चित्रं तिथल्याच चित्रकारांची. अनान्सेने गोष्टी विकत कशा घेतल्या ती प्रसिद्ध कथा त्यात आहे. आकाशदेव न्यामे किंमत सांगतो: अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या आणि वनातली अदृश्य परी म्मोआतिआ. अनान्से वर म्हणतो, माझी म्हातारी आईसुद्धा देतो! मग त्याची बायको आसो युक्त्या सुचवते. तो भोपळ्यात पाणी भरून नेतो, निम्मं गांधीलमाश्यांवर ओततो, निम्मं स्वतःच्या अंगावर, डोक्यावर केळीसारखं पान धरतो आणि म्हणतो, पाऊस आलाय, या भोपळ्यात शिरा. म्मोआतिआसाठी चिकट चीक फासलेली लाकडी बाहुली आणि तिच्या हातात कुस्करलेलं सुरण.

मुलांसाठी लिहिताना बहुतेकांनी आई गाळली. ते समजतं. पण आसोलाही पुष्कळदा कोपऱ्यात ढकललं गेलं आणि सगळी हुशारी एकट्या कोळ्याच्या नावावर जमा झाली. हे मला पटत नाही. निम्मं डोकं तिचं होतं.

गुलाम म्हणून जहाजांत कोंबलेल्या अकान लोकांबरोबर अनान्से जमैकाला पोचला. तिथे गोष्ट संपवताना म्हणतात, ‘जॅक मँडोरा, मी नोहे त्यातला’ अशा अर्थाचं काहीतरी: गोष्टीतल्या वागण्याची जबाबदारी माझ्यावर नाही. अमेरिकेत 1970 च्या सुमारास तो चित्रपुस्तकांत आला. गेल हेली यांच्या अनान्सेकथेला 1971 साली चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं आणि जगभरच्या बालवाचकांना कोळी ठाऊक झाला.

घानात मात्र वेगळंच काम चाललं होतं. नाटककार एफुआ सदरलँड यांनी 1961 साली अक्रात ड्रामा स्टुडिओ उघडला आणि पुढे एकुम्फी आत्विया या गावात ‘कोद्झिदान’, म्हणजे गोष्टीघर, उभं केलं. गावात गोष्ट रंगात आली की ऐकणाऱ्यांपैकी कोणीही सांगणाऱ्याला थांबवून गाणं सुरू करतं. त्याला ‘म्बोगुओ’ म्हणतात. सदरलँडबाईंनी ते नाटकांत जसंच्या तसं ठेवलं. छापील पानाला थांबवणारं कोणी नसतं, ही त्याची खरी उणीव त्यांनी ओळखली होती.

दक्षिण आफ्रिकेतून 2014 साली सुरू झालेल्या ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ने आफ्रिकेतल्या अनेक भाषांत मुलांच्या गोष्टी मोफत खुल्या केल्या. आपल्याकडच्या ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीतही भाषांतर करता येतं. तिथे अनान्सेची गोष्ट मराठीत आणणाऱ्याला ‘आटपाट नगर होतं’ने सुरुवात करायचा मोह होईल. ते आपल्या कहाण्यांचं दार आहे. अनान्सेला त्याचं स्वतःचं दार आहे, आणि ‘खरं नाही, खरंच नाही’ म्हणायला चार वर्षांच्या मुलालाही मजा येते.