हेतूनुसार नजर

चित्रात काय शोधायचंय त्यावरून डोळे कुठे जातील हे ठरतं, त्याला हेतूनुसार नजर म्हणायचं, अभ्यासक टॉप-डाऊन अटेन्शन म्हणतात. भडक रंगाकडे नजर आपोआप जाते ते वेगळं. एका वेळी स्पष्ट दिसतं ते जेमतेम २ अंश, म्हणजे हात लांब केला तर अंगठ्याच्या नखाएवढं, त्यामुळे नजर सेकंदाला ३-४ उड्या मारते आणि पुढची उडी कुठे मारायची याला हेतू लागतो.

याचं श्रेय बहुतेक ठिकाणी सोव्हिएत संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांना देतात. त्यांनी पापण्या चिकटपट्टीने उघड्या ठेवून बुबुळावर आरसा लावलेली छोटी टोपी बसवली (वाचूनच डोळे चुरचुरतात) आणि इल्या रेपिनचं, अचानक घरी परतलेल्या माणसाचं चित्र दाखवलं. नुसतं बघा, मग घरची परिस्थिती सांगा, वयं सांगा, कपडे लक्षात ठेवा, असं करत एकूण ७ वेळा, दरवेळी ३ मिनिटं. वयं विचारली की नजर चेहऱ्यांवरच, कपडे म्हटलं की अंगभर खालीवर. पुस्तक रशियनमध्ये १९६५ला आलं, इंग्रजीत १९६७ला. पण अमेरिकेत गाय बसवेल यांनी १९३५लाच शिकागोच्या ट्रिब्यून टॉवरचं चित्र आधी नुसतं दाखवलं आणि मग खिडकीतून कोणी बघतंय का ते शोधायला लावलं, तर नजरेचा नकाशाच (म्हणजे नजर कुठे कुठे गेली त्याची नोंद) बदलला. त्यामुळे पहिला मान बसवेलचाच धरलेला बरा, गाजलं मात्र यार्बुसचं. शिवाय यार्बुसचे ते ७ प्रसिद्ध नकाशे एकाच माणसाचे आहेत, हे पाठ्यपुस्तकं सहसा सांगत नाहीत.

नुसते नकाशे बघून त्या माणसाला कोणतं काम दिलं होतं हे ओळखता येतं का, यावर अजून वाद आहे. २०१२मध्ये ग्रीन, लिऊ आणि वुल्फ यांना ते जमलं नाही, २०१४मध्ये बोरजी आणि इट्टी यांनी त्यांचाच डेटा घेऊन नुसत्या अंदाजापेक्षा बरं उत्तर काढलं, बरं म्हणजे थोडंसंच. हेतूचा परिणाम होतो हे दोघांनाही मान्य, तो एकेका नकाशातून वाचता येतो का एवढाच प्रश्न.

नजर चालते कशी याचं गाजलेलं मॉडेल वुल्फ आणि सहकाऱ्यांचं, १९८९चं 'गायडेड सर्च': लाल आणि उभी रेघ शोधायची असेल तर मेंदू लाल आणि उभ्या दोन्हींचं वजन वाढवतो आणि दोन्ही जिथे जुळतात तिथे आधी बघतो. याची दुसरी बाजूही आहे. २०१३च्या प्रयोगात फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टपैकी २० जणांना त्यातच टाकलेला गोरिला दिसला नाही, आणि तो गाठीपेक्षा कितीतरी मोठा होता. त्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट त्याच्यावर पडलीही होती.