मॉड्युलर एफपीजीए व्हिडिओ रूपांतरण बोर्ड

जुन्या गेम कन्सोलचा अ‍ॅनालॉग व्हिडिओ आजच्या टीव्हीला चालेल अशा एचडीएमआय स्वरूपात बदलणारे, सुट्या पट्ट्या (छोटे सर्किट बोर्ड) जोडून केलेले सर्किट. संकेत आत घेणारी एक पट्टी, एफपीजीएची दुसरी आणि बाहेर देणारी तिसरी, अशी त्याची साधारण मांडणी असते. एफपीजीए म्हणजे आतली जोडणी कोड लिहून पुन्हा पुन्हा बदलता येणारी चिप. झायलिंक्सने अशी पहिली चिप १९८५ मध्ये बाजारात आणली.

नव्वदच्या दशकात सोलापूरसारख्या शहरांतल्या घरांत आलेला ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे बहुधा निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल. त्याला आर-जी-बी, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या तारांनी, बाहेर काढायची सोयच नव्हती. पिवळी पिन, म्हणजे सगळे चित्र एकाच तारेतून देणारा कॉम्पोझिट, नाहीतर थेट अँटेनाची वायर. युरोपातले हौशी आधी आर-जी-बीची पट्टी करतात आणि कॉम्पोझिटला कमअस्सल मानतात. इथे क्रम उलटा हवा. कपाटातून निघणाऱ्या यंत्रासाठी कॉम्पोझिटची पट्टी पहिली, बाकीच्या नंतर.

या पट्टीवर एडीव्ही७१८० सारखी डीकोडर चिप पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) रंगसंकेत सोडवून २७ मेगाहर्ट्‌झच्या गतीने आठ बिटांचा डेटा पुढे देते. अडचण अशी की टीव्हीच्या पद्धतीत एकदा विषम आणि एकदा सम ओळी काढायच्या असतात, पण जुने कन्सोल ही पाळी पाळत नाहीत, प्रत्येक वेळी त्याच ओळी काढतात. आजचे बरेच टीव्ही हे ओळखत नाहीत. लागोपाठची दोन चित्रे एकात मिसळून मोकळे होतात आणि कडा थरथरू लागतात. एफपीजीएमध्ये ही मिसळ टाळून प्रत्येक ओळ सरळ दोनदा काढता येते.

यासाठी अख्खे चित्र साठवावे लागत नाही. यंत्रमागाला जसा हातातला बाणा पुरतो, तशी इथे चालू ओळ पुरते. एक ओळ सुमारे ६४ मायक्रोसेकंदांची. ७२० बिंदूंच्या दोन ओळी २४ बिट रंगात ३४,५६० बिटांत मावतात, म्हणजे स्वस्तातल्या एफपीजीएच्या आतल्या मेमरीतच. पूर्ण चित्र साठवायचे तर जवळपास ५० लाख बिट आणि बाहेरची रॅम लागते, शिवाय चित्र २० मिलिसेकंदांपर्यंत मागे पडते. बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते ती अशाच साठवणुकीने.

खरी मेख मात्र ओळींच्या हिशेबात आहे. पाल पद्धतीच्या नकली कन्सोलांत सहसा ३१२ ओळी आणि सेकंदाला ५०.००७ चित्रे असतात. दुप्पट केल्यावर ६२४ ओळी होतात. प्रमाण मात्र ६२५ चे. बहुतेक टीव्ही ही एक ओळ खपवून घेतात, काही ‘नो सिग्नल’ दाखवून गप्प बसतात. अशा टीव्हीसाठी पूर्ण चित्राची साठवण करून नेमकी ५० ची गती द्यावी लागते, आणि मग सुमारे अडीच मिनिटांनी एक चित्र गाळावे लागते. नजरेला ते क्वचितच कळते.

सुट्या पट्ट्यांचा दुसरा फायदा सोल्डरिंगचा. एफपीजीएची तयार पट्टी विकत मिळते, टँग नॅनो ९के सारख्या पट्टीवर एचडीएमआयचा सॉकेटही असतो. मग आपल्या हाती डीकोडरचे बाहेरून दिसणारे पाय तेवढे उरतात. बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न आणि भिंग असेल तर टीव्ही दुरुस्तीचा सराव असलेल्या कारागिराला ते जमते. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या ठिकाणच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून हा विषय बेताचा आहे: व्हेरिलॉग (एफपीजीएचा कोड लिहायची भाषा) थोडे, मोजमाप भरपूर.

डब्याला भोके ठेवावीत. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, बंद प्लास्टिकमध्ये व्होल्टेज रेग्युलेटर आधी तापतो. पूर्व भागातल्या यंत्रमागांजवळच्या घरात त्या भोकांवर बारीक जाळी लावलेली बरी. आणि चित्र फुटत असेल तर बोर्ड उघडण्याआधी गेमच्या कॅसेटचे धातूचे दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहावेत. सुताचा तूस तिथेच जास्त साचतो.