वन्यजीव इशारा-फलक, ऑस्ट्रेलियातील

रस्ता ओलांडणाऱ्या किंवा रस्त्यालगत चरणाऱ्या वन्य प्राण्यांविषयी वाहनचालकाला सावध करणारे मार्गफलक. कोनावर उभा केलेला पिवळा चौरस पत्रा, त्यावर काळ्या रंगात प्राण्याची छायाकृती आणि पुष्कळदा खाली ‘पुढील अमुक किलोमीटर’ असे सांगणारी आयताकृती पट्टी, अशी त्यांची सर्वसाधारण ठेवण असते. पत्र्यावर प्रकाश परावर्तित करणारा लेप असल्यामुळे रात्री दिव्यांच्या झोतात आकृती लांबूनच उठून दिसते. कांगारूचा फलक सर्वांत परिचित आहे. त्याशिवाय वॉम्बॅट (बिळात राहणारा गवतखाऊ प्राणी), कोआला, एमू, एकिडना (काटेरी मुंगीखाऊ), कॅसोवरी (न उडणारा मोठा पक्षी), तस्मानियन डेव्हिल (लहान मांसाहारी प्राणी), छोटा पेंग्विन, मॅलीफाउल (जमिनीवर वावरणारा पक्षी), वृक्ष-कांगारू, लांब मानेचे कासव आणि उंट यांचेही फलक निरनिराळ्या भागांत आढळतात. कॅरॅव्हॅन (मोटारीमागे ओढायचे चाकांवरचे घर) घेऊन खंडाची परिक्रमा करणाऱ्या प्रवाशांना बदलत्या फलकांवरून प्राण्यांचा प्रदेशही बदलल्याचे कळते. इशारा-फलक कायद्याने कोणतेही बंधन घालत नाही. त्याच्याखालील पिवळ्या पट्टीवरचा वेग हा केवळ सल्ला असतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल वर्तुळात लिहिलेली वेगमर्यादा मात्र बंधनकारक असते.

आकार व रंग यांचा उगम : ब्रिटिश परंपरेतील आणि डावीकडून वाहने चालवणाऱ्या या देशात इशाऱ्यासाठी ब्रिटन-यूरोपातील त्रिकोण न येता पिवळ्या चौरसाचा अमेरिकी घाट (घडण) कसा रुजला, हा प्रश्न अभ्यासकांनी वेळोवेळी चर्चिला आहे. यूरोपात १९०९ च्या पॅरिस करारात धोक्याच्या चार खुणा ठरल्या व १९२६ च्या करारात इशाऱ्यासाठी त्रिकोण मान्य झाला. अमेरिकेत याच सुमारास वेगळा विचार चालू होता. मिसिसिपी खोऱ्यातील राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांनी १९२३ च्या आसपास फलकाच्या आकारालाच अर्थ दिला. धोका जितका मोठा तितक्या फलकाच्या बाजू अधिक, असे ते सूत्र होते. त्यानुसार रेल्वे फाटकाला वर्तुळ (त्याच्या बाजू अगणित मानून), थांबण्यासाठी अष्टकोन, सावधगिरीसाठी कोनावर उभा चौरस आणि साध्या माहितीसाठी आयत असे आकार ठरले. अक्षरे दिसली नाहीत तरी अंधारात किंवा पावसात बाह्याकृतीवरून अर्थ कळावा, हा त्यामागील हेतू. पिवळ्या रंगाचे कारण त्याहून व्यावहारिक होते. रात्री ठळक दिसणारा आणि उन्हात न विटणारा लाल रंग तेव्हा उपलब्ध नव्हता. म्हणूनच अमेरिकेतील थांबा-फलकसुद्धा १९५४ पर्यंत पिवळाच राहिला.

ऑस्ट्रेलियाने हा पिवळा चौरस विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वीकारलेला दिसतो. हे केवळ अमेरिकी मोटारींबरोबर आलेले अनुकरण होते, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार विरळ वस्तीचे, लांब आणि रात्री पूर्ण अंधारात असणारे रस्ते ही दोन्ही देशांची समान गरज होती. न्यूझीलंड व आयर्लंड या डावीकडून वाहने चालवणाऱ्या देशांतही हाच घाट रुजला, हे पाहता गरजेचे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र आयर्लंडचे रस्ते तितके एकाकी नाहीत, हा आक्षेप शिल्लक राहतो. मार्गफलकांवरील १९६८ च्या व्हिएन्ना कराराने त्रिकोण व चौरस हे दोन्ही घाट वैध ठरवले. शब्दांऐवजी चित्रे वापरण्याकडे जगभर कल वाढला तो साधारणतः याच काळात. प्राण्यांच्या छायाकृतींचा प्रसारही त्याच ओघात झाला असावा.

नलरबॉरचे त्रिफलक : दक्षिण ऑस्ट्रेलियातील एअर महामार्गावर यलाटा ते नलरबॉर रोडहाउस (महामार्गावरील इंधन व मुक्कामाचे ठाणे) या टापूत उंट, वॉम्बॅट व कांगारू यांचे तीन चौरस शेजारी शेजारी लावलेले आहेत. त्यांच्याखाली ‘पुढील ९६ किमी’ अशी सूचना असते. देशातील सर्वाधिक छायाचित्रे याच फलकाची निघत असावीत. सुमारे दोन लक्ष चौ. किमी. पसरलेल्या या चुनखडी पठारावर झाडे जवळजवळ नाहीत आणि महामार्गाचे डांबरीकरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. डांबर आल्यावर वेग वाढला आणि त्याबरोबर टकरीही. तिन्ही प्राण्यांचा धोका एकसारखा नाही. कांगारू अकस्मात दिशा बदलतो आणि एकामागून दुसरा येतो. दक्षिणी केसाळ-नाकी वॉम्बॅट ठेंगणा व गच्च बांध्याचा असून वजनाने तीस किग्रॅ.पर्यंत भरतो; छोटी मोटार त्यावरून उलटू शकते. उंटाचे पाय उंच असल्याने धडकेत त्याचे धड थेट समोरच्या काचेवर येते.

तिघांपैकी उंट परका आहे. या खंडावर पहिला उंट १८४० मध्ये उतरला. १८६० मध्ये खंड दक्षिणोत्तर ओलांडू पाहणाऱ्या बर्क व विल्स यांच्या मोहिमेसाठी हिंदुस्थानातून दोन डझन उंट मेलबर्नला नेण्यात आले. नियमित आयात मात्र १८६६ पासूनची मानतात. त्या वर्षी टॉमस एल्डर या व्यापाऱ्यासाठी शंभराहून अधिक उंट व सुमारे ३१ उंटवाले कराचीहून पोर्ट ऑगस्टा बंदरात पोहोचले. कराची व सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होते, त्यामुळे या व्यापाराचा पहिला दुवा आपल्याच इलाख्यातील बंदराशी जोडलेला आहे. या उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी व राजस्थानीही होते. तारायंत्राचे खांब, लोकर आणि खाणींसाठी लागणारे पाणी त्यांनी अनेक दशके वाहिले. देशाच्या अंतर्भागाच्या जडणघडणीत त्यांचा वाटा मोठा असूनही पूर्वीच्या संदर्भग्रंथांनी त्यांना फारच थोडी जागा दिली, ही उणीव आता कुठे भरून निघत आहे. मोटारी आल्यावर उंट निरुपयोगी ठरले. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९२५ मध्ये उंट मारण्यास परवानगी देणारा कायदा केला. तरीही अनेक उंटवाल्यांनी जीव लावलेली जनावरे मारण्याऐवजी वाळवंटात सोडून दिली. त्यांची रानटी प्रजा किती, याविषयी मतभेद आहेत. २००८ च्या सुमारास दहा लक्षांचा आकडा सर्रास दिला जाई. २०१३ मध्ये संपलेल्या राष्ट्रीय प्रकल्पाने तो सुमारे तीन लक्षांवर आणला. हवाई पाहण्यांवर आधारलेला दुसरा अंदाज अधिक विश्वसनीय मानावा लागतो.

स्थानिक फलक : क्वीन्सलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील मिशन बीच व केप ट्रिब्युलेशन भागांत दक्षिणी कॅसोवरीचे फलक आहेत. ‘वेगाने कॅसोवरी मारले गेले आहेत’ असे रोखठोक वाक्यही त्यांपैकी काहींवर आढळते. या पक्ष्याची मादी सत्तर किग्रॅ.पर्यंत वाढते, अंडी उबवणे व पिलांना वाढवणे ही कामे नर करतो. त्यामुळे एक नर मोटारीखाली गेला तर त्याची पिलेही जगण्याची शक्यता फार कमी होते. याच परिसरातील एका फलकाचे उदाहरण नेहमी दिले जाते. वर उभ्या कॅसोवरीचे चित्र आणि खाली गतिरोधकाचा फलक होता. कोणा अज्ञाताने गतिरोधकाच्या उंचवट्याला डोके व पाय काढून त्याचा आडवा पडलेला पक्षी केला आणि दोन्हींवर अनुक्रमे ‘आधी’ व ‘नंतर’ असे लिहिले. मूळ सरकारी चित्रापेक्षा तेच अधिक लक्षात राहते.

ॲथर्टन पठारावर, विशेषतः मलांडा व युंगाबुरा गावांच्या आसपास, लम्होल्ट्झच्या वृक्ष-कांगारूचा फलक दिसतो. लांब शेपटीमुळे ही आकृती सामान्य कांगारूहून निराळी ओळखू येते. कोआलाचे फलक पूर्व किनाऱ्यावर सर्वत्र आहेत. क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स व राजधानी प्रदेश येथील कोआला फेब्रुवारी २०२२ पासून संकटग्रस्त मानले जातात. सिडनीच्या नॉर्थ हेड या भूशिरावर बँडिकूट या लांब नाकाच्या छोट्या प्राण्याचे आणि टास्मानियाच्या किनारी गावांत पेंग्विनचे फलक आहेत.

टास्मानियात फलकावरील प्राण्याच्या चित्राखाली ‘सायंकाळ ते पहाट ६५ किमी.’ असा सल्ला असतो. डेव्हिल रस्त्यावर येतो तो पुष्कळदा आधी मेलेला पॅडीमेलन किंवा वॉलाबी (दोन्ही कांगारूचे लहान भाऊबंद) खाण्यासाठी. म्हणजे एक अपघात दुसऱ्याला आमंत्रण देतो. चेहऱ्यावरील गाठींच्या संसर्गजन्य रोगाने (प्रथम नोंद १९९६) ही जात आधीच खंगलेली असल्याने रस्त्यावरील मृत्यू तिला अधिक जड जातात. जाणते चालक मेलेले जनावर रस्त्यावरून ओढून साइडपट्टीच्या बरेच पलीकडे टाकतात.

परिणामकारकता : फलकामुळे प्राणी वाचतात का, याचे उत्तर फलकांच्या लोकप्रियतेशी जुळत नाही. टास्मानियातील क्रेडल मौंटन राष्ट्रीय उद्यानाकडे जाणारा रस्ता १९९१ मध्ये रुंद व डांबरी करण्यात आला. तेथे मेना जोन्स यांनी केलेला अभ्यास या विषयातील मूलभूत मानला जातो. वाहनांचा नेहमीचा वेग ताशी सुमारे २० किमी.ने वाढला. तेथे राहणारे १९ पूर्वेकडील क्वोल (मांजरापेक्षा लहान, ठिपकेदार मांसाहारी प्राणी) १७ महिन्यांत नाहीसे झाले आणि डेव्हिलांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. त्यानंतर वेग कमी करणारे अरुंद टप्पे, इशारा-फलक, परावर्तक आणि प्राण्यांना रस्त्याबाहेर निसटता यावे म्हणून उतार व नळ्या अशी एकत्रित योजना केली गेली. क्वोल अंशतः परतले. मात्र सर्व उपाय एकदमच झाल्याने त्यातील फलकांचे श्रेय वेगळे काढता येत नाही, ही मर्यादा फलकांचे पुरस्कर्ते बऱ्याचदा सांगत नाहीत.

आग्नेय क्वीन्सलंडमध्ये कोआलांसाठी रात्रीची कमी वेगमर्यादा फलकांसह लावून पाहण्यात आली. त्या प्रयोगाच्या २००३ मधील अहवालानुसार वाहनांचा वेग किंवा कोआलांचे मृत्यू यांत लक्षणीय घट झाली नाही. दिव्यांच्या झोताने कार्यान्वित होऊन आवाज व प्रकाश सोडणाऱ्या खांबांच्या ‘आभासी कुंपणा’बाबतही असाच वाद आहे. टास्मानियातील एका अभ्यासाने मृत्यू निम्म्याने घटल्याचे मांडले, तर समीक्षकांनी त्याच्या संख्याशास्त्रावर आक्षेप घेतले. प्राण्यांना दूर ठेवण्यासाठी मोटारीला लावायच्या ‘कांगारू-शिट्ट्यां’चा उपयोग चाचण्यांत सिद्ध झाला नाही.

हजारो किलोमीटर तोच कांगारू दिसत राहिला आणि खरा कांगारू आडवा आला नाही, की नजर फलकाला सरावते. त्यामुळे नेमक्या ठिकाणी, नेमक्या हंगामात लावलेला फलक सरधोपट फलकापेक्षा श्रेयस्कर, असे मत आता बळावते आहे. रस्त्याच्या रचनेतील बदलांचा पुरावा मात्र भक्कम आहे. व्हिक्टोरियातील मौंट हॉथम येथे १९८० च्या दशकात पर्वती पिग्मी-पॉसम या उंदराएवढ्या प्राण्यासाठी रस्त्याखालून दगडांचा बोगदा केला गेला. त्यामुळे नरांना माद्यांच्या उंचावरील अधिवासातून पुन्हा ये-जा करता आली. ब्रिस्बेनच्या कॉम्प्टन रोडवरील हरित पूल, भुयारे व दोरखंडाचे पूल (२००५) प्राणी नित्य वापरतात. खर्चाच्या सबबीवर केवळ फलक लावून काम संपले असे मानणे प्राण्यांच्या जिवावर बेतते.

प्रवासातील वापर : कॅरॅव्हॅन ओढणारी मोटार थांबायला अधिक अंतर लागते, म्हणून अनुभवी प्रवासी फलकांच्या टापूत सूर्यास्तापूर्वीच मुक्काम करतात. डांबरावरून वाहणारे पावसाचे पाणी कडेला साचून कोरड्या प्रदेशातही तेथे हिरवे गवत उगवते आणि चरणारे प्राणी त्याकडे ओढले जातात. प्राणी आडवा आला तर जोरात वळण न घेता सरळ रेषेत ब्रेक लावावा, असे सांगितले जाते. मेलेली मादी आढळल्यास तिच्या शिशुधानीत (पोटावरील पिशवीत) जिवंत पिलू आहे का, हे स्वयंसेवक तपासतात. पुढच्याला पुन्हा थांबावे लागू नये म्हणून तपासलेल्या मृतदेहावर रंगाच्या फवाऱ्याने फुली मारतात. ही फुली फलकांपेक्षा कमी प्रसिद्ध असली, तरी लांबच्या रस्त्यांवर ती वरचेवर दिसते.

दूरच्या भागांतील फलकांवर बंदुकीच्या गोळ्यांची भोके आढळतात. आठवणवस्तू म्हणून फलक चोरीलाही जातात; त्यांच्या लहान प्रतिकृती विमानतळांवरील दुकानांत विकल्या जातात.

हिंदी महासागरातील ख्रिसमस बेट या ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीतील भूभागावर लाल खेकड्यांचे फलक आहेत. पावसाळ्याच्या आरंभी कोट्यवधी खेकडे जंगलातून समुद्राकडे निघतात, तेव्हा काही रस्ते बंद ठेवले जातात. इतरत्र कडेच्या कुंपणांनी खेकडे भुयारांकडे वळवले जातात आणि एका ठिकाणी त्यांच्यासाठी रस्त्यावरून पूलही बांधलेला आहे.