आईचा दिवस आणि बाळाचे वजन : महाराष्ट्रातील बालआरोग्याची पार्श्वभूमी

अंगणवाडीतल्या वजनकाट्यावर मूल एकटेच ठेवले जाते. सेविका नोंदवहीत त्याचे नाव, वय आणि किलो-ग्रॅम लिहिते, आणि तो आकडा ठरलेल्या रेषेखाली गेला की मूल कुपोषित ठरते. आईचे लग्न कोणत्या वयात झाले, गरोदरपणी तिने पाण्याचे किती हंडे वाहिले, बाळंतपणानंतर ती कितव्या दिवशी कामावर गेली, घरात पहिला घास कोणाच्या ताटात पडतो आणि शेवटचा कोणाच्या, या सगळ्याचे वजनही त्या काट्यावर चढलेले असते. ते कसे वाचायचे हे महाराष्ट्रात अनेकांनी गेल्या शंभर वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी शोधून काढले. त्या शोधाची ही हकीकत आहे.

सुरुवात मुंबईच्या गिरणगावातून करावी लागते, कारण घराची परिस्थिती आणि बाळाचे जगणे यांचा संबंध आपल्याकडे प्रथम आकड्यांत दिसला तो तिथल्या चाळींत. १९२१ सालच्या मुंबईतील नोंदींनुसार एका खोलीच्या बिऱ्हाडांत दर हजार जन्मांमागे ८२८ अर्भके वर्षाच्या आत दगावली होती. दोन खोल्यांच्या घरांत हे प्रमाण ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३ होते. पहिला आकडा जसाच्या तसा घेऊ नये, हे इथेच सांगितले पाहिजे. गिरणीकामगारांच्या बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जात, त्यामुळे जन्म गावाकडे होई आणि मृत्यू मात्र मुंबईच्या वहीत चढे. तरीही ही विकृती वजा केल्यावर उरणारी तफावत अंगावर काटा आणणारी आहे, आणि खोल्यांची संख्या वाढत जाते तसे मरण कमी होत जाते ही उतरंड त्यातून पुसली जात नाही.

त्या एका खोलीत केवळ हवेचा आणि उजेडाचाच अभाव नव्हता. वाइंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करणारी आई सकाळी गिरणीत जाई ती संध्याकाळी परते, आणि मधल्या वेळेत तान्हे मूल शांत राहावे म्हणून त्याला अफूचा अंश असलेली बाळागोळी दिली जाई. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात गिरणीतील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या डॉक्टरांना ही प्रथा घरोघर आढळली. गुंगीत पडलेले मूल दूध मागत नाही, म्हणून ते वाढत नाही, आणि साधा ताप किंवा हगवणही त्याला सोसत नाही. त्या आयांना निर्दय किंवा अडाणी म्हणणे सोपे होते आणि पुष्कळांनी तसे म्हटलेही. पण मूल सांभाळायला दुसरे कोणी नसताना आणि एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे असताना त्या बाईपुढे कोणता पर्याय होता, हा प्रश्न त्या काळी फार थोड्यांनी विचारला.

तो विचारणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात आसवले यांनी मांडलेल्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी असे प्रतिपादन केले की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. १९२९ मध्ये झालेला मुंबई प्रांताचा हा कायदा भारतातील अशा स्वरूपाचा पहिला होय. रजेची मुदत जास्तीत जास्त सात आठवड्यांची होती आणि लाभ कारखान्यातल्या स्त्रियांपुरताच होता. शेतावर राबणारी, घरकाम करणारी, खडी फोडणारी बाई त्याच्या बाहेर राहिली. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांपर्यंत वाढली, पण कायद्याभोवतालची ती भिंत आजही बऱ्याच अंशी तिथेच उभी आहे.

दुसरा धागा समुद्रकाठी बोर्डीला आणि तिथून कोसबाडच्या टेकडीवर सापडतो. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचे काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि थोड्याच महिन्यांत त्यांना वैधव्य आले होते, त्यामुळे कुटुंबाची परिस्थिती मुलीचे आयुष्य कसे वळवते हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

बोर्डीत बालवाडी उघडली तरी ज्यांच्यासाठी ती होती ती मुले येईनात. त्यांना न्हाऊमाखू घालून वेळेवर पाठवणारे घरी कोणी नव्हते, कारण आईबाप पहाटेच कामाला बाहेर पडत. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या दारात नेली, आणि झोपड्यांपुढच्या अंगणात भरणाऱ्या या वाडीचे नाव पडले अंगणवाडी. १९५० च्या दशकात काम कोसबाडला हलल्यावर वारली पाड्यांत पुढची अडचण उघडी पडली. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड होते, आणि मुलगा येत नव्हता, कारण त्याच्यामागे गुरे होती. यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली, म्हणजे तान्हे मूल पाळण्यात ठेवून ताई वर्गात बसू शकेल. गुराख्यांसाठी कुरणातच कुरणशाळा भरू लागली. माझ्या मते महाराष्ट्राने बालविकासाच्या विचाराला दिलेली ही सर्वांत मोलाची देणगी आहे. घरात कोण कोणासाठी अडकून पडले आहे हे आधी पाहायचे आणि मग संस्थेचा आराखडा त्याप्रमाणे बेतायचा, ही ती दृष्टी होती.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव आले, अंगणही काही प्रमाणात आले, पाळणाघर मात्र मागे राहिले. अंगणवाडीत स्वतःच्या पायांनी चालत येऊ शकणारी तीन ते सहा वर्षांची मुले पोषण आहाराच्या ओळीत बसू लागली. ज्या वयात वाढ सर्वांत झपाट्याने होते आणि खुंटली तर पुढे सहसा भरून निघत नाही, त्या पहिल्या दोन वर्षांतली मुले घरी आजीजवळ किंवा बांधावरच्या झोळीत राहिली. त्यांच्यासाठी कोरडा शिधा घरी दिला जाऊ लागला. तो घराच्या उंबऱ्याआत गेला की साऱ्या घराचा होतो आणि वाटून खाल्ला जातो. भुकेल्या घरात यात कोणाचा दोष काढता येत नाही, पण ज्या बाळाच्या नावाने तो शिधा निघाला त्याच्या वाट्याला दोन घासच येतात.

या उणिवेची किंमत १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी साऱ्या राज्यापुढे आणली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना आली. त्याच सुमारास गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था वेगळ्या दिशेने विचार करत होती. तिथली बहुतेक बाळंतपणे घरी होत, ओली बाळंतीण आणि तान्हे बाळ रिवाजानुसार घराबाहेर पडत नसे, आणि पडले तरी दवाखाना दूर असे. बाळ दवाखान्यात येत नसेल तर देखभालच घरी न्यावी, हा निष्कर्ष तिथे निघाला. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करून ३९ गावांत हा प्रयोग झाला. बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, अंगावर पाजण्यातल्या अडचणी सोडवणे आणि जंतुसंसर्गाची चिन्हे ओळखून वेळेत उपचार करणे हे त्या करत. दर हजार जन्मांमागे सुमारे ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण काही वर्षांत २५ च्या आसपास उतरले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींच्या रूपाने ही पद्धत देशभर लागू झाली. कोसबाडने शिक्षण अंगणात नेले होते, गडचिरोलीने वैद्यक बाळंतिणीच्या खोलीत नेले.

गडचिरोलीचा प्रयोग चालू असतानाच पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी मागे, गर्भावस्थेपर्यंत जाण्याचे ठरवले. १९९३ मध्ये के. ई. एम. रुग्णालयातर्फे सुरू झालेल्या या अभ्यासात गरोदर होण्याआधीपासून स्त्रियांची नोंद ठेवली गेली. त्यांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण ही लहान बाळे सर्व बाजूंनी सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव कमी वाढलेले होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट इतक्या लवकर सुरू होत असेल, अशी कल्पना तोवर फारशी कोणी केली नव्हती.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. ज्या स्त्रियांच्या खाण्यात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते त्यांची बाळे मोठी भरली, आणि ज्यांना गरोदरपणात शेतातली व घरातली कष्टाची कामे अधिक करावी लागली त्यांची बाळे लहान भरली. शिवाय सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. म्हणजे ताटात किती वाढले याबरोबरच काय वाढले आणि ते खाल्ल्यावर त्या बाईला बसायला मिळाले का, हेही बाळाच्या अंगावर उमटते. खुरपणी, पाणी आणि सरपण ही बालआरोग्याच्या कोणत्याही तक्त्यात न दिसणारी कामे या अभ्यासामुळे मोजमापात आली.

२००५ मध्ये स्थापन झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने गर्भधारणेपासून पहिल्या हजार दिवसांवर भर दिला तेव्हा हे ज्ञान धोरणात उतरले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या, मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांवर आले. ही उतरण छोटी नव्हे. त्यानंतर ती थांबली, कारण २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ३५.२ टक्के होते, आणि उंचीच्या मानाने कमी वजनाची मुले दोन्ही फेऱ्यांत २५.६ टक्के होती. याच फेरीत २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांनी आपले लग्न अठराच्या आत झाल्याचे सांगितले. जिची स्वतःची वाढ अजून पुरी व्हायची आहे तिच्या पोटात दुसरा जीव वाढू लागला की एकाच तुटपुंज्या ताटात दोघांची ओढाताण होते.

आदिवासी भागात २०१५ पासून सुरू झालेली अमृत आहार योजना या इतिहासातून काही शिकलेली दिसते. गरोदर आणि स्तनदा स्त्रीला दिवसातून एकदा पूर्ण गरम जेवण अंगणवाडीतच बसून मिळते, त्यामुळे ते घरी जाऊन वाटले जात नाही, आणि तेवढा वेळ ती बसतेही. पण जेवायला येण्यासाठी तिला गावात असावे लागते.

मराठवाड्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल त्या जोडीवर दिलेली असते, त्यामुळे गरोदर किंवा ओली बाळंतीण असली तरी बाईला मागे राहता येत नाही. तिचे मूल एकतर गावी आजी-आजोबांपाशी राहते आणि अंगावरचे दूध अकाली तुटते, किंवा कारखान्याच्या वाटेवरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, वाढते, जिथे पहाटे आई फडावर गेली की त्याच्याजवळ सात-आठ वर्षांची बहीण असते. मोठ्या मुलांसाठी साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे निघाली, आणि स्थलांतरित मातांच्या व बालकांच्या नोंदी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचाव्यात म्हणून राज्याने मागोवा प्रणालीही सुरू केली आहे. नोंद पोहोचली की लस आणि शिधा मिळू शकतो. फडाच्या कडेला पाळणाघर मात्र अजून अपवादानेच दिसते, आणि कोसबाडच्या पाड्यावर ताराबाईंनी पाहिलेली ती मुलगी, कडेवर भावंड घेतलेली, आज तिथे उभी आहे.