रेल्वेच्या पुलावरून ट्रक नेताना

‘मालगाडी पेलणाऱ्या पुलाला ट्रकचं कसलं ओझं?’ सोलापुरात जुने रेल्वे पूल रस्त्यासाठी वापरायचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. चाकांपुरतं ते खरंही आहे. भरलेल्या मालडब्याच्या एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसावर, २० टनांहून जास्त भार असतो. ट्रकच्या चार टायरांच्या अ‍ॅक्सलला कायद्याने साडेअकरा टनांची मर्यादा आहे.

घोडं अडतं ते रस्ता टाकताना. जुन्या लोखंडी रेल्वे पुलांवर बहुधा गर्डरवर (लांब तुळयांवर) स्लीपर, म्हणजे आडवे ओंडके, आणि त्यावर रूळ, इतकंच असतं. फटींतून खालचं पाणी दिसतं. वाहनांसाठी स्लॅब हवा. ७ मीटर रुंद, २० सेंटिमीटर जाड काँक्रीट म्हणजे लांबीच्या दर मीटरला साडेतीन टन. भरलेली मालगाडी मीटरमागे साडेसात टनांच्या आसपास भरते. म्हणजे गाडीसाठी ठेवलेली जवळपास निम्मी ताकद रिकामा रस्ताच खातो, आणि गाडी निघून जाते, स्लॅब कायमचा बसतो. त्यात आपलं ऊन! तापमानात ४० अंशांचा फरक पडला की ३० मीटरचा पोलादी गर्डर १४ मिलिमीटर लांबतो. ती जागा सांध्यांत सोडावीच लागते.

दुसरा पेच रुंदीचा. तो अमेरिकेत फार धाडसाने सोडवला गेला. फ्लोरिडातल्या बेटांवरची, १९१२ साली पूर्ण झालेली रेल्वे १९३५च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाली. भराव वाहून गेले, पूल बहुतांश टिकले. बहिया होंडा पुलाच्या लोखंडी सांगाड्यात दोन पदरी रस्ता मावेना, तेव्हा तो सांगाड्याच्या माथ्यावर बांधला! १९३८पासून मोटारी तिथून धावू लागल्या.

आपल्या बार्शी लाइटचं गणित मात्र उलटं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७मध्ये कुर्डुवाडी-बार्शी ही, रुळांत अडीच फूट अंतर असलेली लाइन सुरू केली, तेव्हा अ‍ॅक्सलमागे भार ५ टनच धरला होता. हलके रूळ, हलके पूल, कमी खर्च. आजच्या ट्रकचा एक अ‍ॅक्सल त्याच्या दुपटीहून जड. तेवढ्याच भारासाठी बांधलेल्या पुलावर दुचाकी चालतील. उसाची भरलेली ट्रॉली नको, असंच मी म्हणेन.

पूल कुठल्याही मापाचा असो, रिव्हेटच्या (लोखंडी पत्रे जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्यांच्या) छिद्रांच्या कडा आधी तपासायला हव्यात. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी बारीक तडे तिथूनच निघतात. मग भारचाचणी: भरलेले ट्रक २४ तास पुलावर उभे करायचे, गर्डर किती वाकला ते मोजायचं आणि ट्रक काढल्यावर तो किती सरळ झाला, तेही.