काडतूस पुनर्भरण

एकदा झाडलेल्या काडतुसाच्या पितळी केसमध्ये (कवचात) नवा प्रायमर (आघाताने पेटून दारू पेटवणारी टिकली), नवी दारू आणि नवी गोळी बसवून ते पुन्हा वापरण्याजोगे करण्याच्या क्रियेस काडतूस पुनर्भरण म्हणतात. नेमबाजांच्या बोलण्यात मात्र ‘रीलोडिंग’ हाच शब्द चालतो. अमेरिकेसारख्या देशांत हा घरच्या ओट्यावर चालणारा छंद आहे. भारतात परवान्याशिवाय असे करणे गंभीर गुन्हा असल्याने ठाणे, नवी मुंबई किंवा देशातील अन्य कोणत्याही शहरातील वाचकासाठी हा विषय जाणून घेण्यापुरता आहे, घरी करून पाहण्याचा नव्हे.

रायफलच्या काडतुसाचे चार घटक असतात: केस, प्रायमर, धूररहित दारू आणि गोळी. यांपैकी केस तेवढी पुन्हा वापरता येते आणि काडतुसाच्या किमतीतील बराच भाग तिचाच असल्याने पुनर्भरणात बचत होते. तरीही मुरलेले नेमबाज बचतीपेक्षा एकसारखेपणाला महत्त्व देतात, कारण प्रत्येक काडतुसातील दारूचे वजन आणि गोळीची खोली सारखी असली की लक्ष्यावरील छिद्रे जवळजवळ पडतात. हे काम सेंटरफायर, म्हणजे तळाच्या मधोमध वेगळा प्रायमर बसवलेल्या, काडतुसांपुरतेच शक्य आहे. रिमफायर काडतुसात स्फोटक मिश्रण केसच्या दुमडलेल्या कडेतच भरलेले असते आणि घोड्याच्या आघाताने ती कड चेपते, त्यामुळे .22 काडतुसाची रिकामी केस निरुपयोगी ठरते.

सेंटरफायर प्रायमरचे बॉक्सर आणि बर्डन हे दोन प्रकार आहेत. दोन्हींचा उगम 1866च्या सुमाराचा. बॉक्सर इंग्रज अधिकारी होता, पण त्याची पद्धत अमेरिकेत रुजली; बर्डन अमेरिकन होता आणि त्याची पद्धत युरोपात पसरली. हा योगायोग गमतीचा असला तरी पुनर्भरणाच्या दृष्टीने फरक महत्त्वाचा आहे. बॉक्सर केसच्या तळाला मधोमध एकच छिद्र असल्याने जुना प्रायमर आतून सुईने ढकलून काढता येतो, तर बर्डन केसमध्ये बाजूला दोन बारीक छिद्रे असतात आणि नवशिक्याची सुई तिथे हमखास मोडते.

मुख्य साधन म्हणजे हातदांड्याचा प्रेस. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात हँडप्रेसवर काम केलेल्या माणसाला त्याची रचना नवी वाटणार नाही: वर डाय (साचा), खाली केस धरणारा शेलहोल्डर आणि दोहोंना जुळवणारा दांडा. एकाहून अधिक डाय एकाच वेळी चालवणारे वेगवान प्रेसही मिळतात, परंतु नवशिक्याने एका वेळी एकच क्रिया करणारा साधा प्रेस वापरावा असा जाणकारांचा आग्रह असतो, कारण हात संथ चालला की चूक दिसते. झाडताना केस फुगून चेंबरच्या (रायफलमधील काडतूस बसण्याच्या जागेच्या) भिंतीला चिकटलेली असते. साइझिंग डाय तिला मूळ मापावर आणतो आणि त्याच दाबात जुना प्रायमर खाली पाडतो. केसला आधी वंगणाचा पातळ हात द्यावा लागतो; तो विसरल्यास केस डायमध्ये घट्ट रुतते, आणि जास्त दिल्यास तिच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतरत्या भागावर, खळगे पडतात.

प्रत्येक वापरात केस थोडी लांबते. .308 विंचेस्टर या रायफल-काडतुसाच्या केसची कमाल लांबी 2.015 इंच, म्हणजे 51.18 मिलिमीटर आहे. व्हर्नियरवर त्याहून अधिक भरल्यास तोंड कापून कमी करतात. दारू ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन सुमारे 64.8 मिलिग्रॅम, म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून थोडा अधिक, आणि या कामाच्या तराजूने ग्रेनचा दहावा भाग दाखवणे अपेक्षित असते. दारूचे प्रमाण अनुभवाने ठरवायचे नसते. ते उत्पादकाच्या छापील तक्त्यातूनच घेतात, आणि एका दारूचा आकडा दुसरीला कधीच लावत नाहीत.

ही काटेकोरी का लागते, ते दाबाच्या आकड्यावरून कळते. .30-06 काडतुसाचा मान्य कमाल दाब 60,000 पाउंड प्रति चौरस इंच आहे. मोटारीच्या टायरमध्ये तो 30-35 असतो. चुकून दुप्पट दारू पडली तर रायफल फुटू शकते. दारू पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते आणि पुढची गोळी तिच्यावर आदळते. म्हणून गोळ्या बसवण्यापूर्वी सगळ्या केस लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करून बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीतील दारूची पातळी पाहतात. जुनी केस टाकून द्यावी की नाही, याची खूण मात्र बाहेरून सहज दिसत नाही. तळापासून थोडे वर एक बारीक, चकचकीत वलय उमटते. टोक वाकवलेली तार आत घालून भिंतीवरून ओढली की त्याच जागी ती खाचेत अडखळते. तिथे पितळ विरलेले असते आणि पुढच्या खेपेस केस आडवी तुटते.

हे पितळ साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त अशा मिश्रणाचे असते. त्याच्या एका रोगाचा इतिहास भारताशी जोडलेला आहे. ब्रिटिश फौजांची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात, आणि कोरडा ऋतू येईपर्यंत त्यांच्या मानेला (गोळी धरणाऱ्या अरुंद भागाला) चिरा पडलेल्या आढळत. ओढून-ठोकून घडवलेल्या पितळात उरलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया यांचा हा संयुक्त परिणाम असल्याचे 1921मध्ये स्पष्ट झाले. माना तापवून मऊ करण्याने हा ताण जातो. तळ मात्र तापू द्यायचा नसतो, कारण दाब तोच पेलतो. अमोनिया असलेले भांड्यांचे पॉलिश केससाठी वर्ज्य मानतात ते याच कारणाने.

ठाणे जिल्ह्याचा या धातूशी संबंध आहे तो अंबरनाथच्या आयुध निर्माणीमुळे. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम अशा अलोह धातूंचे काम करणारा हा कारखाना ऑक्टोबर 2021पासून यंत्र इंडिया लिमिटेडकडे आहे. प्रत्यक्ष काडतुसे खडकी (1869) आणि वरणगाव (1964) येथील निर्माणींत बनतात.

शस्त्र अधिनियम, 1959च्या कलम 5नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना लागतो. अधिनियमातील ‘दारूगोळा’ या संज्ञेत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. साहजिकच परदेशातून हौसेने आणलेला प्रेस हे निरुपद्रवी हत्यार ठरत नाही. विनापरवाना निर्मितीला 2019च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही आयुक्तालयांत वैयक्तिक शस्त्रपरवाने पोलीस आयुक्तांच्या अधिकारात येतात, परंतु असा परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, काडतूस भरण्याचा नव्हे. नवशिक्या नेमबाजांची सुरुवात बहुधा 10 मीटर एअर रायफलने होते, जिच्या 4.5 मिलिमीटर छऱ्याला केस नसते आणि दारूही नसते. स्वप्नील कुसाळे यांनी 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारातील काडतूसही .22 रिमफायरच असते.